आधी प्रवाह, मग आकडा

नख चिमटीत दाबायचं, मनात पाच मोजायचे आणि सोडायचं. पांढरंफटक पडलेलं नख दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झालं, तर रक्त बोटाच्या टोकापर्यंत नीट पोचतंय. तीन-चार सेकंद लागले, तर आत काहीतरी बिनसलंय: अंगातलं पाणी तुटलंय, कुठेतरी रक्त वाहून गेलंय किंवा हृदयाचा जोर कमी पडतोय. आरोग्यसेविकेच्या प्रशिक्षणात मी शिकलेली ही अगदी सुरुवातीची तपासणी. तिला लागतात आपली दोन बोटं आणि चांगला उजेड.

उजेडाचं महत्त्व मला श्रीवर्धनने शिकवलं. पोफळीच्या वाडीतलं कौलारू घर दुपारीही अंधारं असतं. बाहेर नारळ-सुपारीची दाटी, आत माजघर, आणि बाळंतीण माजघराच्याही आतल्या खोलीत. मी नोकरीला लागले तेव्हा बऱ्याच घरांत रात्री रॉकेलची चिमणीच असायची. त्या पिवळ्या उजेडात सगळीच नखं सारखी दिसतात. रक्त जास्त गेल्याची शंका आली की मी आधी खिडकी उघडायला लावायची, नाहीतर बॅटरीचा झोत थेट बोटावर घ्यायची. पापणी खाली ओढून रक्ताची लाली पाहणं, जिभेचा रंग पाहणं, ओठ निळसर पडलेत का ते पाहणं, ही सगळी उजेडाचीच कामं. त्वचेतून आत गेलेला प्रकाश रक्ताला भेटून परत येतो आणि येताना आतली खबर आणतो. सुई न टोचता, थेंबभरही रक्त न काढता, जिवंत शरीरातला प्रवाह पाहायची ही वाट फार जुनी आहे. 2020 नंतर आमच्या तालुक्यातल्या लहान पोरालाही ऑक्सिमीटर माहीत झाला, पण त्यावरचा आकडा कुठून आला हे फार कमी जणांना ठाऊक आहे. तो इतिहास मी गेली काही वर्षं मिळेल तिथून वाचत आले. तो इथे मांडावासा वाटतो, कारण त्या आकड्याची सुरुवात ऑक्सिजनच्या शोधातून झालेली नाही. ती रक्ताच्या प्रवाहाच्या शोधातून झाली आहे.

उजेडाच्या आधी होता स्पर्श. नाडी पाहायची रीत आपल्याकडच्या वैद्यकात शार्ङ्गधरसंहितेपासून, म्हणजे तेराव्या-चौदाव्या शतकापासून, ठळकपणे दिसते. पुरुषाचा उजवा हात, बाईचा डावा, अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटं, आणि त्या तीन बोटांखाली वात, पित्त, कफ. आमच्या आजीच्या पिढीने डॉक्टर क्वचितच पाहिला, पण नाडी पाहणारा माणूस प्रत्येक आळीला ठाऊक असे. श्रीवर्धनच्या बाळाजी विश्वनाथ भटांना पेशवेपदाची वस्त्रं मिळाली 1713 साली. त्याच्या सहाच वर्षं आधी, 1707 मध्ये, इंग्लंडात लिचफिल्ड गावच्या जॉन फ्लॉयर नावाच्या डॉक्टरने बरोबर एक मिनिट चालणारं घड्याळ नाडी मोजण्यासाठी वापरात आणलं आणि त्यावर पुस्तक लिहिलं. बोटांना जाणवणाऱ्या गोष्टीला तिथून आकडा चिकटला.

पण मनगटाची नाडी मोठ्या रक्तवाहिनीची. खरा व्यवहार होतो तो शेवटच्या टोकाला, केसाहून कितीतरी बारीक नळ्यांत, जिथे तांबडी पेशी जेमतेम शिरते. विल्यम हार्वेने 1628 मध्ये रक्त हृदयापासून निघून पुन्हा हृदयाकडेच येतं हे दाखवलं, तेव्हा धमनीतून शिरेत रक्त जातं कसं, हे त्यालाही दिसलेलं नव्हतं. 1661 मध्ये इटलीच्या मार्चेल्लो माल्पिघीने बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली त्या केशवाहिन्या पाहिल्या. जिवंत माणसाच्या बोटात मात्र सूक्ष्मदर्शक घालता येत नाही.

त्यानंतरचा मला आवडणारा माणूस म्हणजे जर्मनीतल्या ट्यूबिंगनचा कार्ल फोन फीरोर्ट. रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजन चिकटलेला असताना त्याचा वर्णपट वेगळा आणि ऑक्सिजन सुटल्यावर वेगळा, हे 1864 मध्ये केंब्रिजच्या जॉर्ज स्टोक्सने दाखवलं होतं. पण ते बाटलीतलं रक्त. फीरोर्टने 1876 मध्ये माणसाच्या बोटातून आलेला प्रकाशच वर्णपटमापकात घेतला, बोटाचा रक्तपुरवठा आवळून बंद केला आणि ऑक्सिजन असलेल्या रक्ताच्या काळ्या पट्ट्या हळूहळू विरताना पाहिल्या. म्हणजे रक्त थांबलं की ऊती ऑक्सिजन खात राहतात आणि रंग बदलतो, हे त्याने कातडी न कापता बघितलं. आमची नखाची तपासणी आणि फीरोर्टचा प्रयोग यांची जात एकच आहे. पुढची साठेक वर्षं या कामाकडे कुणी फारसं वळलं नाही. विजेवर चालणारा प्रकाशमापक हाताशी आल्यावर, 1930 नंतर, ते एकदम जोरात सुरू झालं. लाइपझिगच्या कार्ल माथेसने 1935 मध्ये कानाच्या पाळीतून दोन रंगांचा उजेड पाठवून ऑक्सिजन मोजायचा प्रयत्न केला. अमेरिकेत सेंट लुइसला आल्रिक हर्ट्झमनने 1937 मध्ये त्वचेवर बारीक दिवा आणि शेजारी प्रकाशमापक ठेवून प्रत्येक ठोक्याबरोबर परतणारा उजेड कमीजास्त होतो याचा आलेख काढला. ठोका आला की त्वचेत रक्त भरतं, जास्त उजेड गिळला जातो. ठोका ओसरला की उलट. बोटाच्या मशीनवर जी लाट नाचताना दिसते, ती हीच.

दुसऱ्या महायुद्धात उंचावर जाणारे वैमानिक बेशुद्ध पडत. त्यांच्यासाठी ग्लेन मिलिकनने कानाला लावायचं साधन बनवलं, आणि 'ऑक्सिमीटर' हे नावही त्यानेच रूढ केलं. त्या काळच्या या साधनांची एक अडचण होती. कान, कातडी, शिरेतलं रक्त, धमनीतलं रक्त, सगळ्यांनी मिळून उजेड गिळलेला असायचा. त्यात धमनीचा वाटा कोणता, हे कळायला कान आधी तापवावा लागे, मग दाबून रक्तहीन करावा लागे, मग पुन्हा मोजावं लागे. उंचावरच्या विमानात हे चालेल, आजाऱ्याच्या खाटेशी नाही.

ही गाठ सुटली ती ताकुओ आओयागी यांच्या हातून. जपानच्या निइगाता भागात 1936 मध्ये जन्मलेले हे इंजिनीअर टोकियोच्या निहोन कोहदेन कंपनीत काम करत होते. त्यांना मोजायचा होता हृदयातून दर मिनिटाला बाहेर पडणारा रक्ताचा प्रवाह. त्याची माहीत असलेली रीत अशी की शिरेत हिरवा रंग टोचायचा आणि तो धमनीत किती वेळाने, किती प्रमाणात येतो आणि कसा विरळ होत जातो ते पाहायचं. प्रवाह जोरदार असेल तर रंग पटकन येऊन पटकन धुऊन जातो. मंद असेल तर रेंगाळतो. एरवी त्यासाठी धमनीतून रक्त पुन्हा पुन्हा काढावं लागे. आओयागींनी ठरवलं की रक्त काढायचं नाही, कानाच्या पाळीतून उजेड पाठवून रंगाचा चढउतार बघायचा.

आणि आलेखात सतत एक कंप येत राहिला. नाडीचा. प्रत्येक ठोक्याला रंगाची रेघ थरथरायची, त्यामुळे मोजणी बिघडायची. हा कंप घालवायला त्यांनी दोन वेगवेगळ्या रंगांचे उजेड घेतले आणि एकाच्या थरथरीने दुसऱ्याची थरथर वजा करायची युक्ती काढली. ती जमली. पण अंगातला ऑक्सिजन कमी झाला की वजाबाकी चुकायची आणि कंप पुन्हा वर यायचा. इथे दुसऱ्या कुणी वैतागून रीत बदलली असती. आओयागींच्या लक्षात आलं की वजाबाकी चुकते ती ऑक्सिजनमुळे, म्हणजे ती किती चुकते हे मोजलं की ऑक्सिजन कळेल. शिवाय थरथरतं ते फक्त धमनीचं रक्त. कातडी, हाड, शिरेतलं साचलेलं रक्त थरथरत नाही. म्हणजे कान तापवायला नको, दाबायला नको. ज्याला ते काढून टाकायला निघाले होते त्या ठोक्यानेच धमनीचं रक्त बाकी सगळ्यापासून वेगळं करून दिलं. 1974 च्या एप्रिलमध्ये ओसाकाच्या परिषदेत त्यांनी हे मांडलं. त्याच सुमारास कॅमेरे बनवणारी मिनोल्टा कंपनीही याच कल्पनेवर काम करत होती, आणि 1977 मध्ये तिने बोटाला लावायचं साधन बाजारात आणलं. बारीक एलईडी दिवे आणि मायक्रोप्रोसेसर आल्यावर ते अमेरिकन ऑपरेशन थिएटरांत पोचलं आणि भूलतज्ज्ञांच्या हातून सुटलं नाही.

आज मशीन उघडून पाहिलं तर आत तेच आहे. एक तांबडा दिवा, साधारण 660 नॅनोमीटरचा, आणि एक डोळ्याला न दिसणारा अवरक्त, साधारण 940 चा. ऑक्सिजन नसलेलं रक्त तांबडा उजेड जास्त गिळतं, ऑक्सिजन असलेलं रक्त अवरक्त जास्त गिळतं. बोटातून पलीकडे जाणाऱ्या उजेडात नाडीमुळे होणारा फरक एकूण उजेडाच्या शेकडा एक-दोन इतकाच असतो, कधी त्याहूनही कमी. आपण ज्या आकड्यावर पेशंटला तालुक्याला हलवायचं की नाही ते ठरवतो, तो त्या एवढ्याशा थरथरीतून काढलेला असतो. प्रवाह मंदावला तर थरथर संपते. थरथर संपली तर आकड्याला पायाच उरत नाही.

ऑपरेशन टेबलावरून खेडोपाडी हे साधन जायला फार वेळ लागला. त्यात एका मराठी घराचा हात आहे. बोस्टनचे सर्जन डॉ. अतुल गावंडे यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडजवळच्या उटी गावचे. गावंडे यांच्या पुढाकाराने जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये शस्त्रक्रियेची तपासयादी काढली. त्यात भूल देण्याआधी पेशंटच्या बोटाला ऑक्सिमीटर लागला आहे ना आणि चालतो आहे ना, हे विचारायचा नियम आहे. पण जगातल्या कितीतरी ऑपरेशन थिएटरांत तो नव्हताच. म्हणून 2011 मध्ये स्वस्त आणि मजबूत ऑक्सिमीटर पुरवणारी लाइफबॉक्स ही संस्था उभी राहिली.

मधल्या काळात आमच्या कोकणात प्रवाह कसा ओळखला जात होता, ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. पावसाआधी घरं शाकारायची वेळ म्हणजे लाल विंचवाचे दिवस. कौलं उचलली, सोडणांचा ढीग हलवला, लाकडं ओढली की विंचू. लाल विंचवाचं विष मज्जातंतूंना असं पेटवतं की अंगातले ताणाचे रस एकदम सुटतात. त्वचेतल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब चढतो, घामाच्या धारा लागतात, हृदयावर भार येऊन फुप्फुसात पाणी भरतं. पूर्वी लोक विंचू उतरवणाऱ्याकडे जात आणि तिथेच रात्र निघून जाई.

असा एक मुलगा माझ्या डोळ्यांसमोर आहे. वय दहाच्या आसपास, कौलं द्यायला वडिलांबरोबर छपरावर चढलेला. आजी त्याला कडेवर घेऊन आली आणि म्हणाली, "नर्सबाई, पोराचं हातपाय बघा, बरफ झालंत." कपाळावर घामाचे थेंब, अंगातला सदरा भिजलेला, आणि तळवे खरोखरच थंडगार. अंगठ्याचं नख दाबलं तर लाली परत येईना. हाताच्या शिरा कुठे गेल्या कळेना, इतक्या त्या आकसल्या होत्या. डॉक्टरांनी प्राझोसिनची गोळी दिली. त्यानंतर आम्ही दुसरं काही केलं नाही, अर्ध्या-अर्ध्या तासाने त्याच्या पायाच्या बोटांना हात लावत राहिलो. पहाटे पायाचा अंगठा आधी कोमट लागला, मग घोटा, आणि मग मनगटाशी एक निळसर शीर वर आली. आजीने तिला बोट लावून पाहिलं.

ती गोळी आली महाडहून. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर. त्यांनी या रुग्णांच्या हृदयाच्या लक्षणांवर 1982 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं, आणि ऐंशीच्या दशकातच आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारं प्राझोसिन वापरायला घेतलं. त्याआधी या भागात गंभीर रुग्णांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा दगावत असे. पुढे ते प्रमाण शेकडा एकाच्या आसपास आलं. हाफकिनमध्ये बनणारी विंचवाची प्रतिविषाची लस आणि प्राझोसिन एकत्र दिलं तर लवकर बरं वाटतं का, याची 70 रुग्णांवरची चाचणीही त्यांनी महाडलाच केली आणि ती 2011 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आली. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मला त्यांच्या उपचारातली एक ओळ सगळ्यात मोलाची वाटते: गोळी दर तीन तासांनी द्यायची ती हातपाय गरम आणि कोरडे होऊन शिरा दिसू लागेपर्यंत. औषध थांबवायचं कधी, हे ठरवायला त्यांनी रक्तदाबाच्या जोडीने त्वचेतला प्रवाह धरला, आणि तो मोजायला डोळा आणि हात. खेड्यातल्या कुठल्याही आरोग्य केंद्रात चालेल असा निकष.

मुंबईत त्याच काळात वेगळ्या रस्त्याने काम चाललं होतं. ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र आणि परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजचे डॉ. जी. बी. परुळकर यांनी 1980 च्या सुमारास पायातून अगदी क्षीण वीजप्रवाह पाठवून धमनी कुठे तुंबली आहे ते शोधायची पद्धत वापरली. तिथे उजेडाऐवजी वीज होती, उद्देश तोच.

उजेडाने खरोखर 'प्रवाह' म्हणता येईल अशी गोष्ट मोजली ती लेझरने. ऑक्सिमीटरची लाट सांगते की रक्त भरतंय आणि ओसरतंय. ते किती वेगाने सरकतंय हे ती सांगत नाही. हलत्या वस्तूवरून परतलेल्या लहरीचा सूर बदलतो, हे ख्रिस्तियान डॉप्लरने 1842 मध्ये सांगितलं होतं. लेझरचा एकाच सुराचा उजेड त्वचेवर टाकला तर स्थिर कातडीवरून परतलेला उजेड तसाच येतो आणि सरकत्या तांबड्या पेशीवरून परतलेला किंचित बदलून येतो. केशवाहिनीत पेशी सेकंदाला मिलिमीटरभर किंवा त्याहूनही कमी सरकते. एवढ्या संथ गतीने सुरात पडणारा फरक सूक्ष्म असतो, पण मोजता येतो. चार्ल्स रीव्हा आणि त्याच्या साथीदारांनी 1972 मध्ये सशाच्या डोळ्यातल्या पडद्यावर हे करून दाखवलं. मायकेल स्टर्नने 1975 मध्ये 'नेचर'मध्ये माणसाच्या त्वचेवरचं मापन छापलं. स्वीडनच्या लिंकोपिंगमधल्या संशोधकांनी 1980 च्या आसपास त्याचं वापरण्याजोगं यंत्र केलं. भाजलेली जखम किती खोल आहे, मधुमेही पायाची जखम भरेल की नाही, शिवलेला त्वचेचा तुकडा जगतोय की नाही, अशा ठिकाणी ते लागतं. त्याची मर्यादाही स्पष्ट आहे. ते मिलिमीटरभरच आत पाहतं, आणि मिनिटाला इतके मिलिलिटर असा आकडा देत नाही. 'आधीपेक्षा जास्त, आधीपेक्षा कमी' एवढंच सांगतं.

लेझरचा दुसरा खेळ मला श्रीवर्धनच्या वाडीत बसूनच समजला. लेझरचा उजेड खरबरीत पृष्ठभागावर पडला की काळ्या-उजळ ठिपक्यांची नक्षी दिसते. आमच्याकडे पोफळींतून जमिनीवर कवडसे पडतात. वारा नसेल तर प्रत्येक कवडसा वेगळा, रेखीव. वारा सुटला की झावळ्या हलतात, कवडसे एकमेकांत मिसळतात, आणि बराच वेळ उघडा ठेवलेल्या कॅमेऱ्यात तर नुसता राखाडी पट्टा येईल. त्वचेखाली रक्त जिथे जोरात वाहतं तिथे ठिपक्यांची नक्षी अशीच पुसट होते आणि जिथे मंद तिथे ठळक राहते. ए. एफ. फर्कर आणि जे. डी. ब्रायर्स यांनी 1981 मध्ये एवढ्यावरूनच रक्तप्रवाहाचा नकाशा काढायची रीत मांडली. एका फोटोत सगळा हात. अशा ठिपक्यांचा अभ्यास आपल्या देशात लेझर जन्मायच्या आधी झाला आहे, हे वाचून मला फार आनंद झाला. सर सी. व्ही. रामन यांचे विद्यार्थी जी. एन. रामचंद्रन यांनी 1943 मध्ये बंगळूरला, काचेवर बारीक भुकटी पसरून, तिच्यातून आलेल्या प्रकाशातली चढउताराची नक्षी तपासली होती. पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात डेव्हिड बोआस आणि अर्जुन योध यांनी 1995 च्या सुमारास या ठिपक्यांच्या बदलाचा हिशेब खोलवर शिरणाऱ्या अवरक्त उजेडाला लावला. त्यातून नवजात बाळाच्या कवटीपलीकडचा मेंदूतला प्रवाह पाहायची वाट उघडली.

आता 2020. 18 एप्रिलला टोकियोत आओयागी गेले. 3 जूनला दुपारी निसर्ग वादळ आमच्या किनाऱ्यावर आलं. ताशी शंभर-एकशेदहा किलोमीटरच्या वाऱ्याने पिढ्यांच्या पोफळी मधून मोडल्या, कौलं उडाली, खांब आडवे झाले. वीज कित्येक दिवस नव्हती. घराघरांत कोरोनाचा आजार आणि छपरावर ताडपत्री. 15 सप्टेंबरला सरकारने 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू केली आणि आशाताई ताप मोजायची बंदूक आणि ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरू लागल्या. दोन बारीक सेलवर चालणारं ते मशीन, म्हणून वीज नसलेल्या वस्तीतही उपयोगी पडलं. 95 च्या खाली आकडा आला तर पुढे पाठवायचं. पुढच्या वर्षीच्या लाटेत सहा मिनिटं चालवून आकडा किती घसरतो ते पाहायचीही सूचना आली.

जीवना बंदरावर बर्फातली मासळी निवडणाऱ्या बायांकडे गेलो की मशीन गप्प. नुसत्या रेघा. बोटं गार, त्वचेतल्या वाहिन्या मिटलेल्या, थरथरच नाही. एक म्हातारी घाबरून म्हणाली, "माजा जीव गेला का काय?" तिचा हात मी माझ्या दोन्ही हातांत धरून चोळला, कोमट पाण्यात बुडवला, पुसला आणि मग मधलं बोट लावलं. भर उन्हात मशीनच्या काचेत बाहेरचा उजेड शिरतो आणि आकडा भरकटतो. म्हणून वर पदराची सावली धरली. आधी लाट उठली, मग आकडा आला, 97. नखाला रंग असला, मेंदी दाट असली तरी असंच बोट बदलून पाहावं लागे. आशाताईंना मी रोज एकच क्रम सांगायची: हात आधी हातात घ्या, नख दाबून बघा, मशीन लावा, लाट नीट उठू द्या आणि मगच वहीत आकडा लिहा. लाट नसताना आलेला आकडा लिहायचा नाही, मग तो कितीही चांगला असो.

2020 च्या डिसेंबरमध्ये मिशिगनच्या डॉक्टरांनी एक गोष्ट छापली, जी मला आजही अस्वस्थ करते. ऑक्सिमीटर 92 ते 96 दाखवत असताना धमनीतल्या रक्ताच्या तपासणीत ऑक्सिजन प्रत्यक्षात 88 च्या खाली निघाला, असं गोऱ्या रुग्णांत शेकडा 3.6 वेळा घडलं आणि काळ्या रुग्णांत 11.7 वेळा. त्वचेतला मेलॅनिन उजेड गिळतो आणि यंत्राचा हिशेब ज्या त्वचांवर बसवला गेला त्यांत गडद त्वचा पुरेशा नव्हत्या. आमचे कोळी बांधव जन्मभर समुद्रावर तळपत्या उन्हात काम करतात. त्यांचं बोट मशीनमध्ये घालताना मला ही आकडेवारी आठवते. 2025 च्या जानेवारीत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा यंत्रांची चाचणी वेगवेगळ्या रंगांच्या त्वचेवर करण्याचा मसुदा काढला. आपल्याकडे विकली जाणारी सगळी यंत्रं आपल्याच लोकांच्या बोटांवर, आपल्याच रंगांवर तपासलेली असली पाहिजेत. हे मागणं मी बैठकीत मांडलं आहे, इथेही मांडते.

नखाची तपासणी जुनी झाली असं कुणी म्हणालं तर मी 2019 च्या एका अभ्यासाकडे बोट दाखवते. लॅटिन अमेरिकेतल्या पाच देशांत, 28 रुग्णालयांत, जंतुसंसर्गाने रक्तदाब कोसळलेल्या 424 रुग्णांवर तो झाला. अर्ध्यांचे उपचार रक्तातल्या लॅक्टेटच्या आकड्यावर चालवले. उरलेल्या अर्ध्यांच्या बोटावर डॉक्टरांनी काचेची पट्टी दहा सेकंद दाबून धरली, सोडली, आणि लाली तीन सेकंदांत परत येते का ते घड्याळावर पाहत उपचार केले. 28 दिवसांत लॅक्टेटच्या गटात शेकडा 43.4 रुग्ण दगावले, बोट दाबून पाहिलेल्या गटात 34.9. संख्याशास्त्राच्या कडक नियमाने हा फरक सिद्ध झाला असं म्हणता आलं नाही, आणि अभ्यासकांनी ते स्पष्ट लिहिलं. पण बोट दाबायची पद्धत लॅक्टेटपेक्षा वाईट ठरली नाही हेही त्यातून दिसलं. लॅक्टेट दर दोन तासांनी बघत होते, बोट दर अर्ध्या तासाने. सलाइन वाढवायचं की थांबवायचं याचा निर्णय त्यामुळे दोन तास अडून राहत नव्हता.